नव्या भागांची जुनी मोटार

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात मोटारीवरचा लेख कशासाठी, असे एका मैत्रिणीने माझे हस्तलिखित पाहताच विचारले. हा विषय तंत्रनिकेतनातल्या मुलांचा. आपण भाषा, इतिहास, तत्त्वज्ञानवाले, असे तिचे म्हणणे. परंतु ज्या प्रश्नातून हा लेख निघाला तो तत्त्वज्ञानाच्या तासालाच उपस्थित झाला होता. सर 'मिलिंदप्रश्न' शिकवीत होते. राजा मिलिंद रथातून आलेला असतो, आणि नागसेन त्याला त्या रथाविषयीच विचारतो: आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? दांडी, जू, लगाम यांपैकी रथ कोणता? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि अखेरीस त्याला कबूल करावे लागते की, रथ हे या सगळ्या भागांच्या जुळणीला दिलेले नाव आहे. सरांनी याच्या जोडीला ग्रीकांच्या थीसियसच्या जहाजाची कथा सांगितली. एकेक फळी बदलत गेली, सगळ्या फळ्या नव्या झाल्या. मग जहाज तेच की दुसरे? वर्गात बराच वाद झाला. मला मात्र आमच्या मामांची फियाट आठवत होती.

मामा लालबागला राहतात. त्यांच्याकडे १९७० सालची फियाट ११०० डिलाइट आहे. तिचे इंजिन दोनदा उतरले आहे, क्लच, ब्रेक, वायरिंग, काचेभोवतीचे रबर सगळे बदलून झाले आहे. "हिच्यात कंपनीचं आता काय राहिलंय?" असे चाळीतले लोक थट्टेने विचारतात. सरांचा प्रश्न आणि चाळकऱ्यांचा प्रश्न एकच आहे हे ध्यानात आल्यावर मी तो थोडा पुढे नेला. भाग एकेक करून बदलण्याऐवजी सगळेच कारखान्यातले नवे कोरे भाग आणून जुन्या घडणीची मोटार उभारली, तर ती जुनी म्हणावयाची की नवी? आणि आज मुंबईत अशी मोटार उभारता येईल काय?

परदेशात ही गोष्ट घडलेली आहे. इंग्लंडमध्ये एमजीबी ही दोन माणसांची छोटी गाडी १९६२ ते १९८० या काळात निघत असे. उत्पादन थांबल्यावर तिचे पत्रे दाबण्याचे मूळ साचे शोधून गोळा करण्यात आले आणि १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने तिचा संपूर्ण सांगाडा पुन्हा नव्याने विकावयास काढला. अमेरिकेत १९६० च्या दशकातल्या फोर्ड मस्टँगचे सांगाडेही असेच नवे मिळतात. हौशी मनुष्य सांगाडा घेतो, त्यावर इंजिनापासून दिव्यापर्यंत सगळे नवे भाग चढवतो आणि आपल्याला हवी तशी 'जुनी' गाडी तयार करतो. तिकडे हा श्रीमंतांचा छंद आहे. आपल्या मुंबईत मात्र मोटारीच्या धंद्याची सुरुवातच अशा जुळणीने झाली, आणि ही गोष्ट आपण मुंबईकर विसरून गेलो आहोत असे मला वाटते.

लालबाग-परळहून चालत जाण्याच्या अंतरावर शिवडी आहे. तेथे जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला. पूर्ण गाडीपेक्षा सुटे भाग जहाजात कमी जागा घेतात, म्हणून चासी, इंजिन, चाके, पत्रे असे सगळे निरनिराळ्या पेट्यांतून गोदीत उतरावयाचे आणि शिवडीला ते जोडून शेव्हरोले तयार व्हावयाची. गाडी अमेरिकन, पण तिचा बोल्ट आवळणारा हात परळ-शिवडीचा. ती अमेरिकेची म्हणावी की मुंबईची? मिलिंद राजाला हा प्रश्न घातला असता तर तोही घोटाळ्यात पडला असता.

जुळणीवर समाधान न मानता मोटार येथेच घडवावी, हा ध्यास सोलापूरच्या वालचंद हिराचंद (१८८२ - १९५३) यांनी घेतला. तत्पूर्वी सर विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यात मोटार कारखाना काढण्याची योजना मांडली होती आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाची तिला सहानुभूती होती. पण १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि युद्धकाळात परक्या सरकारला त्यात रस नव्हता. वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याही सुरुवातीला पेट्यांतल्या भागांच्याच. त्याच सुमारास महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले त्या काळात मुंबईत मोटार 'बनत' नव्हती, मोटार 'लागत' होती.

ही स्थिती बदलली ती १९५३ मध्ये. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले की, टप्प्याटप्प्याने भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याजवळ असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. नुसती जुळणी करणाऱ्यांना वाव उरला नाही. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. कुर्ल्याला मात्र त्याच वर्षी इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी सुरू झाली. पुढून तिचे नाक डुकराच्या नाकाडासारखे दिसे म्हणून लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव ठेवले. १९६४ मध्ये नव्या आकाराची डिलाइट आली, तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. नावे बदलली, इंजिन मूळचे तेच राहिले: चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटर. वर्षागणिक पेटीतून येणारे भाग कमी होत गेले आणि येथे बनणारे वाढत गेले. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या बदलल्या, तसा येथे गाडीचा देशच बदलला!

हे वाचून झाल्यावर मी मामांबरोबर ऑपेरा हाउसला गेले. गिरगावच्या या टोकाला मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने आहेत. एका दुकानात मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारले, "फियाटचा कंपनीचा पार्ट मिळेल का?" दुकानदार हसून म्हणाले, "ताई, कंपनीचा म्हणजे कुठल्या कंपनीचा?"

या एका प्रश्नाने माझ्या लेखाची दिशा बदलली. मोटारीचा कारखाना गाडीचे सगळे भाग स्वतः बनवत नाही. पत्रे दाबणे, इंजिनाचे ओतीव काम अशी मोठी कामे तो करतो. स्पार्क प्लग, डायनॅमो, टायर, बॅटरी हे बाहेरून घेतो. प्लग बंगलोरच्या मायकोचा, विजेचे सामान मद्रासच्या लुकास-टीव्हीएसचे, टायर भांडुपच्या सीएटचे, असे ते असावयाचे. तेव्हा 'कंपनीचा पार्ट' हा शब्द दुकानात तीन अर्थांनी चालतो. पहिला, कुर्ल्याचा कारखाना चालू असताना तेथून आलेला व खोक्यातच पडून राहिलेला भाग; तेलकट कागदात गुंडाळलेला असतो आणि त्याला हात लावण्यापूर्वी दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा पाहतो. दुसरा, कारखान्याला माल पुरवणाऱ्यानेच बनवलेला, पण त्याने स्वतःच्या खोक्यात घालून बाजारात सोडलेला. भाग तोच, ठसा वेगळा. तिसरा, नमुना समोर ठेवून एखाद्या लहान वर्कशॉपने केलेली नक्कल. हिला डुप्लिकेट म्हणतात. पण मामांच्या मते काही डुप्लिकेट भाग मूळ भागापेक्षा जास्त टिकतात. हे ऐकून आमच्या मराठीच्या सरांना पाठभेदांची आठवण झाली. मूळ पोथी कोणती आणि नक्कल कोणती, हा त्यांचा नेहमीचा विषय.

त्या दिवशी आम्ही यादीच केली. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, क्लच प्लेट, ब्रेकचे सामान, प्लग-पॉइंट, दिव्याच्या काचा, दाराचे रबर: हे सगळे नवे मिळाले किंवा दोन-चार दिवसांत आणून देण्याचे कबूल झाले. बंपरसाठी मात्र वणवण झाली. तरीसुद्धा एका दुपारात जवळजवळ मोटार जमली म्हणावयास हरकत नव्हती. जमला नाही तो फक्त सांगाडा.

येथे थोडे तंत्र सांगणे भाग आहे. शिवडीला जोडल्या जाणाऱ्या जुन्या गाड्यांना खाली लोखंडी पट्ट्यांची वेगळी चासी असे. तिच्यावर इंजिन आणि चाके बसवली की गाडी चालू शकत असे. वरची बॉडी कोणीही बांधावी. ट्रक आणि बसगाड्यांच्या बॉड्या अजूनही पुष्कळदा अशाच बांधल्या जातात. फियाट ११०० ला अशी वेगळी चासी नाही. तळ, बाजू, छत आणि पुढचा आडवा पत्रा एकत्र वेल्ड करून जो डबा होतो तोच तिची चासी. अंड्याला हाड नसते, कवचच सगळा भार घेते, तसा हा प्रकार. म्हणून गाडी हलकी झाली. पण पत्रा गंजला की गाडीचे हाडच गंजले. मुंबईचा पाऊस आणि खारी हवा यांनी तळाचा पत्रा आणि दाराखालच्या पत्र्याच्या पेट्या खाल्ल्या की इंजिन कितीही नवे असो, उपयोग नाही. हे पत्रे दाबावयाचे तर प्रचंड प्रेस लागतात आणि प्रत्येक पत्र्याचा स्वतंत्र साचा, ज्याला कारखान्यात 'डाय' म्हणतात, तो लागतो. पिस्टनची नक्कल एखाद्या गाळ्यात होते. छताच्या डायची होत नाही. इंग्लंडमध्ये नवी एमजीबी उभी राहिली ती डाय सापडले म्हणून.

समजा, उद्या कोणी फियाटचा नवा सांगाडा काढला, तरी पुढे आर.टी.ओ. आहे. गाडीची ओळख कायद्याच्या लेखी चासी नंबर आणि इंजिन नंबर यांत असते. इंजिन बदलले तर त्याची नोंद करून घेता येते. चासी नंबर मात्र पत्र्यावरच ठोकलेला. नवा सांगाडा म्हणजे नवा नंबर, आणि नवा नंबर म्हणजे आजची गाडी. आजच्या गाडीला १ एप्रिल २०२० पासूनचे भारत स्टेज ६ हे धुराचे नियम लागू. कार्बुरेटरचे १९६० च्या दशकातले इंजिन त्यात कसे बसणार? गाडीत आपल्या मनाप्रमाणे फेरफार करावे, तर तोही मार्ग अरुंद आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही.

जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाडीला 'व्ही ए' अक्षरांची खास नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. मामांच्या गाडीला २०२० मध्येच पन्नास वर्षे झाली. पण अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आता तळ गंजलेला आहे. तो तसाच ठेवावा तर गाडी जाते. कापून नवा घालावा तर 'मोठा फेरफार' कोठे सुरू होतो हे तपासणाऱ्याच्या नजरेवर राहते. मामा गेले वर्षभर या पेचात होते. माझे मत मी त्यांना सांगितले: झिजण्यासाठीच जे भाग केलेले असतात ते बदलल्याने गाडी बदलत नाही, आणि गंजलेल्या जागी त्याच जाडीचा, त्याच आकाराचा पत्रा घालणे ही दुरुस्ती आहे. नागसेनाला जुळणी पुरली असती; कायद्याला जुळणीबरोबर एक नंबरही लागतो, आणि मला यात कायद्याची बाजू पटते. नाहीतर एका गाडीचे कागद दुसऱ्या गाडीला चिकटवणाऱ्यांना रान मोकळे होईल.

एक गोष्ट दुकानदारांनी सांगितली ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. फियाटचे भाग इतकी वर्षे नवे मिळत राहिले ते हौशी लोकांमुळे नव्हे, काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले, तरी रोज पळणाऱ्या हजारो टॅक्सींना क्लच आणि ब्रेक लागतच होते. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २००८ मध्ये पंचवीस वर्षे आणि २०१३ मध्ये वीस वर्षे झाली. ताडदेवच्या आर.टी.ओ.त शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. तिची वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. "आता माल मागवतो तो डझनाने नाही, नगाने," असे ते म्हणाले. नगाने मागवलेला माल कोणते वर्कशॉप किती दिवस बनवील? मामांनी तेथेच बेअरिंगचे आणि गॅस्केटचे दोन-दोन संच घेतले, एक आताचा आणि एक ठेवणीतला.

पत्र्याचे काम परळच्या एका गॅरेजात चालू आहे. सबंध तळ न कापता गंजलेले तेवढे तुकडे काढून नवे बसवावयाचे, आणि प्रत्येक तुकड्याचा कापण्यापूर्वीचा व बसवल्यानंतरचा फोटो काढून ठेवावयाचा, असे ठरले आहे. फोटोंचे काम माझ्याकडे आहे. बॉनेटखालच्या ज्या पत्र्यावर नंबर ठोकलेला आहे त्याच्याभोवती डेंटरने खडूने चौकट आखली आहे. त्या चौकटीच्या आत हातोडा जावयाचा नाही.