बूस्टर नको, मोटर चालेल

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, वय ६७. निवृत्तीनंतर घरच्या गॅरेजमध्ये कोब्राची प्रतिकृती असलेली किट कार बांधली. रंग, नोंदणी सगळं होऊन ती रस्त्यावर धावतेय. इंजिन फोर्डचं ३०२ घन इंची व्ही-८, त्यात रेसिंगचा कॅम. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही साधे, बिनमदतीचे. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून पार्किंगमध्ये चाक फिरवताना जीव जातो आणि ब्रेकचं पेडल पायाखाली दगडासारखं लागतं. मुलगी म्हणते, "बाबा, पॉवर ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग बसवा, नाहीतर गाडी विका." पूर्ण झालेल्या गाडीत हे बसवता येतं का? मूळ कोब्रात ते का नव्हतं?

उत्तर : गाडी विकू नका. दोन्ही गोष्टी बसवता येतात, पण माझं ऐकाल तर एकच बसवा. स्टिअरिंगला मदत द्या. ब्रेकच्या बाबतीत आधी पेडल जड का आहे ते शोधा. बहुतेक वेळा कारण सापडतं आणि बूस्टरचा विषय तिथेच संपतो.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. कॅरल शेल्बी यांनी १९६२ साली इंग्लंडच्या एसी कंपनीच्या हलक्या, उघड्या गाडीत फोर्डचं व्ही-८ बसवलं आणि कोब्रा जन्मली. पॉवर स्टिअरिंग तेव्हा नवं नव्हतं. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी इंजिनिअरने १९२६ मध्येच पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर ते चालवून दाखवलं होतं आणि १९५१ पासून क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ते विकत मिळत होतं. १९६४ च्या मस्टँगलासुद्धा जादा पैसे देऊन पॉवर ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग घेता येई. कोब्राला त्याची गरज नव्हती, एवढंच. गाडीचं वजन हजार किलोंच्या आतबाहेर, पुढचे टायर आजच्या मानाने अरुंद आणि स्टिअरिंगचं चाक मोठं. तुमच्या गाडीचं वजन बहुधा तेवढंच असेल, पण टायर रुंद असतील आणि चाक दिसायला छान म्हणून लहान घेतलेलं असेल. म्हणजे मूळ गाडीतला साधेपणा उचलला आणि ज्या गोष्टींमुळे तो साधेपणा परवडत होता त्या मागे राहिल्या.

आता ब्रेक. पेडल दाबल्यावर काय होतं ते आधी नीट बघा. पेडल लांबवर खाली जातं आणि मऊ लागतं, की थोडंसंच हलून घट्ट अडतं? मऊ असेल तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे. ती काढा, बाकी कशाला हात लावू नका. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार वाटतो आणि त्याची दोन कारणं मी पहिल्यांदा तपासेन.

पहिलं कारण पॅड. किट कार बांधणारा माणूस हौसेने रेसिंगचे पॅड घेतो. ते पॅड तापल्यावर जोरदार पकडतात, थंड असताना नुसते डिस्कवरून घसरतात. ट्रॅकवर दुसऱ्या-तिसऱ्या वळणापर्यंत ते तापलेले असतात. रविवारी सकाळी कॉफी प्यायला निघालेल्या गाडीत ते कधीच तापत नाहीत. रस्त्यावर वापरायचे, थंडीतही पकडणारे पॅड घाला आणि ते डिस्कवर नीट बसवून घ्या, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर बऱ्याच वेगावरून पुन्हा पुन्हा ब्रेक लावून, पण गाडी पूर्ण न थांबवता. पॅडची घर्षणक्षमता ०.३५ वरून ०.४५ झाली तर तेवढ्याच पायाने गाडी सव्वापटीहून जास्त जोराने थांबते. एवढ्या खर्चात दुसऱ्या कशानेही इतका फरक पडत नाही.

दुसरं कारण मास्टर सिलिंडर. अशा गाड्यांत बहुधा पुढच्या आणि मागच्या ब्रेकसाठी दोन वेगळे सिलिंडर असतात आणि पेडलवरची एक आडवी दांडी दोघांत जोर वाटून देते. सिलिंडरचा व्यास त्याच्या अंगावर कोरलेला किंवा कागदपत्रांत लिहिलेला असतो, तो बघा. सात-अष्टमांश इंची सिलिंडर असेल तर त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ०.६० चौरस इंच भरतं. पाऊण इंचीचं ०.४४. पाय तोच, पिस्टन लहान, त्यामुळे लाइनमधला दाब सुमारे ३६ टक्के वाढतो. त्याची किंमत म्हणजे पेडल तेवढंच जास्त खाली जातं. तुमचं पेडल आत्ता जेमतेम हलतंय, त्यामुळे ही किंमत तुम्हाला परवडेल. आधीच मऊ आणि लांब जाणाऱ्या पेडलला मात्र हा उपाय घातक आहे, म्हणून वरची तपासणी आधी. सिलिंडर बदलल्यावर पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण दांडीवर पुन्हा लावावं लागेल. मोकळ्या जागी जोराने ब्रेक मारून पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक होतात ना, हे खात्रीने बघा. उलटं झालं तर गाडी गरकन फिरेल.

पेडलचं गुणोत्तरही मोजून ठेवा. टेकूपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंतचं अंतर भागिले टेकूपासून ढकलदांडीपर्यंतचं अंतर. बिनमदतीच्या ब्रेकला ते सहाच्या आसपास हवं, बूस्टरवाल्या गाडीत चारच्या आसपास असतं. तुमच्याकडे ते साडेचार-पाच निघालं तर पेडल जड असण्याचं मूळ तिथेच आहे.

बूस्टर का नको म्हणतो? बूस्टर म्हणजे मधे रबरी पडदा असलेला पत्र्याचा डबा. एका बाजूला इंजिनच्या ओढीने पोकळी, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि हवेचा दाब पडद्याला ढकलून तुमच्या पायाला हात देतो. पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. इंजिनने पाऱ्याच्या १८ इंचांची पोकळी दिली तर मदत होते साधारण १९५ किलोंची. पण तुमच्या इंजिनात रेसिंगचा कॅम आहे. त्याच्यामुळे व्हॉल्व्ह एकमेकांच्या वेळेत घुसून जास्त वेळ उघडे राहतात, म्हणून तर सिग्नलला उभी असताना गाडी तो सुंदर अडखळता गुरगुराट करते. त्याच गुरगुराटात पोकळी १० इंचांवर येऊ शकते, आणि मग तोच डबा जेमतेम १०८ किलोंची मदत देतो. म्हणजे गाडी हळू चालत असताना, गर्दीत, जिथे तुम्हाला मदत हवी तिथेच ती निम्मी. यावर विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप मिळतो. तो बसवला की त्याचा आवाज, वायरिंग, साठवणीची टाकी, एकदिशा व्हॉल्व्ह, आणि यातलं काही बिघडलं तर कळवणारा दिवा, एवढा संसार मागोमाग येतो.

जागेचा प्रश्न वेगळाच. दोन सिलिंडरांच्या आणि वाटपदांडीच्या पेडलसंचाला एक बूस्टर लावता येत नाही. एकच जोड-सिलिंडर हवा, त्यासाठी पेडलसंच बदलायचा, आणि त्या डब्यासाठी पायाच्या पेटीच्या पुढे, एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांशेजारी, जागा शोधायची. गाडी नुसता सांगाडा असताना हे काम कंटाळवाणं असतं. रंगवलेली फायबरची बॉडी वर चढलेली असताना ते काम कोणी सांगितलं तर मी दुसऱ्या विषयावर बोलू लागेन.

ब्रिटिश गाड्यांत असायचा तसा ब्रेकच्या लाइनमध्ये बसणारा वेगळा सर्वो पेडलला हात न लावता बसवता येतो. पण तुमचे ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग आहेत, म्हणून सर्वोही दोन लागतील, आणि दोघांनी कायम सारखीच मदत द्यायला हवी. भंगारातल्या नव्या गाडीचा विजेचा बूस्टर आणून बसवणारेही आहेत. तो पोकळीवर अवलंबून नाही हे खरं, पण मूळ गाडीत त्याच्यावर नजर ठेवणारा अख्खा संगणक होता आणि तुमच्या गाडीत तो नाही. आणखी एक गोष्ट : तुमच्या गाडीत एबीएस नाही. सहाचं गुणोत्तर तसंच ठेवून वर बूस्टर चढवला तर पावसात पाय नुसता टेकवला तरी चाकं लॉक होतील. जड ब्रेकपेक्षा असा हळवा ब्रेक वाईट.

स्टिअरिंगच्या बाबतीत मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे, पण इथेही आधी तपासणी. गाडीचा पुढचा भाग स्टँडवर उचला आणि स्टिअरिंगचं चाक फिरवा. हवेत ते दोन बोटांनी फिरायला हवं. हवेतही जड लागलं तर दोष टायरचा नाही, कुठेतरी काहीतरी अडतंय. किट कारमध्ये स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्ट चुकवत वाकडातिकडा जातो आणि त्याला दोन-तीन सांधे असतात. सांध्यांचे कोन फार तीव्र असले, किंवा दोन सांधे एकमेकांशी जुळवून बसवलेले नसले, तर चाकाच्या एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. असं आढळलं तर मोटर लावून दोष झाकू नका. सांधे सुटे करून पुन्हा जुळवा. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर पुढच्या टायरमधली हवा बघा, आणि स्टिअरिंगचं चाकही मोठं करून बघा. १३ इंचीऐवजी १५ इंची चाक घेतलं तर हातावरचा भार सातव्या-आठव्या हिश्श्याने कमी होतो. मांडीला लागलं तर सोडून द्या.

तरीही खांदा कुरकुरत असेल तर विजेची मोटर लावा. तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग तुमच्यासाठी मी बाद करतो. त्यासाठी स्टिअरिंगचा रॅक बदलायचा, पंप, पुली, बेल्ट, नळ्या आणि तेलाची टाकी आणायची, आणि एवढं करून जड मस्टँगसाठी बनवलेला पंप हलक्या गाडीला इतकी मदत देतो की रस्त्याचा काही पत्ताच लागत नाही. पंपाचा दाब आणि प्रवाह कमी करून ते सुधारतात, पण तो खटाटोप कशाला?

विजेचं स्टिअरिंग मोटारीत प्रथम आलं ते १९८८ साली, सुझुकीच्या सर्वो या छोट्या जपानी गाडीत. आज पुण्या-नाशकातली साधी हॅचबॅकही त्याच तत्त्वावर वळते. दांड्यावर एक संवेदक तुम्ही किती जोर लावताय ते मोजतो आणि मोटर त्या बेताने दांडा पिळते. अमेरिकेत हौशी मंडळी सॅटर्न व्ह्यू किंवा प्रिअसचा स्टिअरिंग कॉलम वापरतात, इंग्लंडात व्हॉक्सहॉल कोर्साचा. सोबत एक छोटी पेटी लावतात आणि बटण फिरवून मदत कमी-जास्त करतात. तयार संचही मिळतात आणि तुम्हाला मी तेच सुचवेन. मोटर डॅशबोर्डखाली बसते, इंजिनच्या उष्णतेपासून दूर. बॉडीला हात लागत नाही. मोटर बंद पडली तरी दांडा अखंड असतो, त्यामुळे गाडी आजच्यासारखीच जड वळेल, पण वळेल.

काळजी तीन ठिकाणी घ्या. मोटर दांड्याला एकीकडे पिळते तेव्हा स्वतःला उलटीकडे पिळून घेते, म्हणून तिचा ब्रॅकेट चेसिसच्या नळीला पक्का हवा, डॅशबोर्डच्या पत्र्याला नव्हे. पार्किंगमध्ये मोटर क्षणभर ४०-५० अँपिअर ओढू शकते, तेव्हा अल्टरनेटर, जाड वायर आणि फ्यूज त्या हिशेबाने हवेत. आणि अपघातात दांडा दुमडून आत सरकण्याची जी सोय आहे ती या कामात नाहीशी होता कामा नये. दांडा कापून वेल्डिंग करतो म्हणणाऱ्याला गॅरेजच्या दारातूनच परत पाठवा. तयार सांधे मिळतात, तेच वापरा.

मोटर बसली की चाकं अलाइनमेंटला न्या. हे बरेच जण विसरतात. बिनमदतीच्या गाडीत स्टिअरिंग हलकं राहावं म्हणून कॅस्टर तीन अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव कमी ठेवतात. त्यामुळे वळणानंतर चाक आपोआप सरळ व्हायचा जोरही कमी असतो. त्यात मोटरची मदत आली की हायवेवर गाडी भटकल्यासारखी वाटते आणि लोक मोटरला शिव्या देतात. आता मदत आहेच, तर कॅस्टर सहा-सात अंशांवर न्या, दोन्ही बाजूंना सारखा, आणि टो, म्हणजे पुढची चाकं किंचित आत किंवा बाहेर वळलेली असतात तो कोन, पुन्हा लावून घ्या. माझ्या मते या सगळ्या कामाचा खरा फायदा हाच आहे. पार्किंग सोपं होतंच, शिवाय ताशी १०० किलोमीटरला गाडी पूर्वीपेक्षा सरळ धावते.

भारतातून कोणी हे वाचत असेल तर एक सूचना : आपल्याकडे मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ उत्पादकाच्या तपशिलाबाहेरचे बदल अडवतं. तेव्हा आरटीओला विचारल्याशिवाय जुन्या जीपवर असले प्रयोग करू नका.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आधी पॅड आणि सिलिंडर. ते काम झाल्यावर महिनाभर गाडी चालवा. मग टायरची हवा, सांधे आणि मोटर. मोटर बसल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन तिचा फ्यूज काढा आणि गाडी चालती ठेवून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. तुमच्या खांद्याला ते जमलं तर फ्यूज परत लावा आणि पहिली फेरी मुलीला शेजारी बसवून मारा. नाही जमलं तर मोटर बिघडेल तेव्हा रस्त्याच्या कडेला थांबून फोन कोणाला करायचा, हे निघण्याआधी ठरवून ठेवा.