पूल लांब किती, आणि डोलेल किती?

चिखलदऱ्याच्या ‘स्कायवॉक’चे नाव आपल्या वऱ्हाडात आता लहानथोरांच्या तोंडी झाले आहे. शेंदूरजनाघाट, वरूड, मोर्शी या बाजूच्या शाळांच्या सहली परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला जातात, तेव्हा गाविलगडाबरोबर हरिकेन पॉइंट आणि गोराघाट पॉइंट हेही पाहिले जातात. या दोन टोकांमधल्या दरीवर पायी चालणाऱ्यांसाठी ४०७ मीटर लांबीचा झुलता पूल बांधण्याचे काम ‘सिडको’ने हाती घेतले. पूल पोलादी दोरखंडाला टांगलेला, आणि काही भागात पायांखाली काच, अशी ही योजना आहे.

योजना जाहीर झाल्यापासून तिच्यावर वाद आहे. पर्यटक येतील, हॉटेले चालतील, आदिवासी तरुणांना काम मिळेल, असे एक बाजू म्हणते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अंगणात इतकी गर्दी आणि गोंगाट कशाला, असे दुसरी बाजू विचारते. २०२१ मध्ये वन आणि वन्यजीवविषयक परवानग्यांच्या प्रश्नावरून काम अडले, तेव्हा हा वाद वर्तमानपत्रांतही बराच रंगला. आणि चहाच्या टपरीवर तिसराच प्रश्न निघतो : “काच फुटली तर?”

या साऱ्या गदारोळात एक वाक्य मात्र दोन्ही बाजूंनी निमूटपणे मान्य केलेले दिसते, ते म्हणजे “हा जगातला सर्वांत लांब पूल होणार.” हे वाक्य थोडे तपासून घेतले पाहिजे. स्वित्झर्लंडमध्ये रांडा गावाजवळ २०१७ साली खुला झालेला पायी पूल ४९४ मीटरचा आहे. पोर्तुगालमधील आरोका येथील, २०२१ सालचा, ५१६ मीटरचा आहे. चेक प्रजासत्ताकातील डोल्नी मोरावा येथे २०२२ साली खुला झालेला पूल तर ७२१ मीटरचा आहे. तेव्हा आपल्या पुलाला पहिला नंबर द्यायचा, तर ‘एका दोरखंडाचा’, ‘काचेचा’ अशी विशेषणे लावत जावे लागते. विशेषणे पुरेशी लावली तर आपल्या गल्लीतला नाल्यावरचा ढापासुद्धा कशात ना कशात जगात पहिला येईल!

पण नंबराचे जाऊ द्या. पुलावर पाय ठेवणाऱ्याच्या दृष्टीने लांबी ही मुळात किती महत्त्वाची, हे पाहणे अधिक मनोरंजक आहे.

एक दोर घ्या. दोघांनी दोन टोके धरा आणि मध्ये पाण्याने भरलेला तांब्या टांगा. आता दोर अगदी सरळ करण्याचा प्रयत्न करा. हात दुखून येतील, पण मधला झोळ पुरता जाणार नाही. कारण उघड आहे. तांब्याचे वजन खाली ओढते. ते पेलायला दोराच्या ताणाचा काही अंश वरच्या दिशेने हवा, आणि दोर आडवा असेल तर असा अंश शून्य असतो. झोळ जितका कमी, तितका ताण अफाट.

भार साऱ्या लांबीवर सारखा पसरलेला असेल, तर झुलत्या पुलासाठी हिशेब असा बसतो :

आडवा ताण = (दर मीटरचा भार × लांबी × लांबी) ÷ (८ × झोळ)

समजा, ४०७ मीटरच्या पुलाचा भार दर मीटरला अर्धा टन आहे आणि मध्यभागी झोळ २० मीटर आहे. (हे दोन आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, चिखलदऱ्याच्या आराखड्यातले नव्हेत.) उत्तर येते सुमारे ५१८ टन. झोळ निम्मा, म्हणजे १० मीटर केला, तर ताण दुप्पट, सुमारे १०३५ टन. एवढ्या ओढीने दोरखंड दोन्ही काठांच्या खडकातून उपटून निघू नये, ही अभियंत्याची पहिली काळजी. लांबीचा वर्ग होतो, म्हणून लांब पूल बांधणे कठीण हे खरेच. पण ही अडचण जाड दोरखंडाने आणि खोल पायाने सुटते. ती पैशाची अडचण आहे. चालणाऱ्याला भिडणारी अडचण वेगळीच आहे, आणि ती समजण्यासाठी आपल्याला लंडनला जावे लागेल.

लंडनमध्ये थेम्स नदीवर फक्त पादचाऱ्यांसाठी एक पूल बांधायचा ठरला आणि त्यासाठी १९९६ साली स्पर्धा झाली. निवड झाली ती वास्तुशिल्पज्ञ नॉर्मन फॉस्टर, शिल्पकार अँथनी कॅरो आणि ‘अरुप’ या अभियंता-संस्थेच्या आराखड्याची. पुलावरून सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट मोकळा दिसावा, डोळ्यांपुढे उंच मनोरे आणि दोरखंड येऊ नयेत, ही त्यामागची कल्पना. म्हणून दोरखंड चालण्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ आडवे ओढले. मधला गाळा १४४ मीटरचा, आणि झोळ अवघा २.३ मीटर! वरचे सूत्र वापरा. भार दर मीटरला २ टन धरला तर ताण सुमारे २२५० टन येतो. प्रत्यक्षातला ताणही साधारण इतकाच आहे. सौंदर्याची ही किंमत अभियंत्यांनी जाणूनबुजून मोजली होती.

१० जून २००० रोजी पूल खुला झाला. पहिल्याच दिवशी हजारो माणसे लोटली, आणि पूल डाव्या-उजव्या अंगाला डोलू लागला. मधला भाग काही सेंटिमीटर इकडून तिकडे जाई. माणसे कठडे धरून, पाय फाकवून चालू लागली. दोनच दिवसांत पूल बंद करावा लागला. लंडनकरांनी त्याला ‘डगमगता पूल’ असे नाव ठेवून दिले. दिखाऊपणा नडला, असा सूर निघाला. पण गोष्ट इतकी सोपी नव्हती.

आपण चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो. प्रत्येक पावलाबरोबर आपण जमीन खाली दाबतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण डावा पाय टेकताना आपण जमिनीला किंचित डावीकडे ढकलतो आणि उजवा टेकताना उजवीकडे. म्हणजे आडव्या ढकलण्याचे एक आवर्तन दोन पावलांत, सेकंदाला एकदा, पूर्ण होते. हा आडवा जोर जेमतेम अडीच किलो वजनाएवढा असतो, खालच्या दिशेच्या चढउताराच्या सुमारे दहावा हिस्सा. त्या काळच्या पूल बांधण्याच्या नियमांत खालच्या दिशेच्या जोराचा विचार होता, पण या इवल्याशा आडव्या जोराची दखल नव्हती.

आता पुलाची बाजू पाहा. झोपाळ्याला जशी स्वतःची एक लय असते, तशी टांगलेल्या पुलालाही असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकेच ढकलत राहिले की झोका वाढतो. यालाच आपण अनुनाद म्हणतो. मग टांगलेल्या पुलाला आडवा एक झोका घ्यायला किती वेळ लागतो? ताणाचे सूत्र ताणलेल्या तारेच्या कंपनाच्या सूत्रात घातले की एक गमतीची गोष्ट घडते : लांबी आणि भार दोन्ही उडून जातात! उरतो तो फक्त झोळ.

एका झोक्याचा वेळ (सेकंद) = १.८ × √झोळ (मीटर)

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे वहीत सिद्ध करून पाहावे, दहा ओळींचे काम आहे. झोळ २० मीटर असेल तर झोक्याला ८ सेकंद लागतात, मग पूल १०० मीटर लांब असो की ४०७. थेम्सवरच्या पुलाचे उत्तर २.७ सेकंद येते. प्रत्यक्षात तो सुमारे २ सेकंदांत झोका घेत होता, कारण वाटेच्या पोलादी सांगाड्याचा ताठपणा आपण हिशेबात धरलेला नाही.

तुम्ही म्हणाल, ८ सेकंद म्हणजे आपल्या चालण्याच्या १ सेकंदापासून फारच दूर, मग भीती कसली? पण तार जशी एका वळणात कंप पावते तशीच दोन, तीन, चार वळणांतही पावते, आणि दर वेळी तिचा काळ निम्मा, तिसरा, चौथा हिस्सा होत जातो. आठव्या वळणाला आपल्या पुलाचा काळ बरोबर १ सेकंद होईल. लांब, सैल पुलाला चालण्याच्या लयीपासून पूर्ण सुटका नसते. कुठले तरी वळण तिला गाठतेच.

म्हणून खरा प्रश्न असा की, झोका सुरू झाला तर तो विझतो किती लवकर? या विझण्याला अवमंदन म्हणतात. आणि थेम्सवरच्या पुलाने जगाला नवा धडा दिला तो इथेच.

पूल किंचित हलला की चालणारा तोल सावरतो, पाऊल थोडे बाजूला टाकतो. तो तोल स्वतःचा सावरत असतो, पण त्याचे हे सावरणे सरासरीने पुलाच्या गतीच्याच दिशेने जोर देते. पुलाची हालचाल जितकी मोठी, तितका हा जोर मोठा. आधी असे वाटत होते की, सर्वांची पावले एका तालात पडू लागतात म्हणूनच पूल डोलतो. अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे की ताल जुळण्याचीही गरज नाही. प्रत्येकाने आपापला तोल सावरला तरी पुरते.

हे सावकाराच्या कर्जासारखे आहे. बाकीच्या शेकडा ३ रुपये तुम्ही दरमहा फेडता आणि व्याज शेकडा २ रुपये चढते, तर कर्ज हळूहळू विरते. व्याज ४ झाले की तेच कर्ज फुगत जाते, मुद्दल कितीही लहान असो. पुलाचे अवमंदन ही फेड, आणि पुलावर येणारा प्रत्येक माणूस व्याजाचा दर थोडा वाढवतो. त्यामुळे पूल हळूहळू जास्त जास्त डोलत नाही. एका संख्येपर्यंत तो शांत असतो आणि त्या संख्येपलीकडे एकाएकी उसळतो. अरुपच्या अभियंत्यांनी पूल बंद असताना माणसे थोडीथोडी वाढवत पुलावर चालवून पाहिली. दीडशेच्या वर माणसे होईपर्यंत विशेष काही नाही, आणि मग दहाएक माणसे वाढताच डोलणे झपाट्याने वाढले!

उपाय काय केला? पुलाचे देखणे रूप मोडले नाही. वाटेच्या खाली ३७ द्रव-अवमंदक बसवले. मोटारसायकलच्या शॉक-अब्सॉर्बरचे हे थोरले भाऊ. शिवाय स्प्रिंगवर टांगलेली वजने बसवली. मग सुमारे २००० माणसे चालवून पुलाची परीक्षा घेतली आणि २२ फेब्रुवारी २००२ रोजी तो पुन्हा खुला केला. या दुरुस्तीला सुमारे ५० लाख पौंड लागले.

आता चिखलदऱ्याच्या वादाकडे पुन्हा पाहू. काचेची भीती मला फारशी खरी वाटत नाही. अशा ठिकाणची काच अनेक थरांची असते. थरांमध्ये चिकट पारदर्शक पापुद्रा असतो, त्यामुळे एक थर तडकला तरी तुकडे जागीच राहतात. विचारायचे ते हे : एका वेळी किती माणसांना सोडणार? इतक्या माणसांना चालवून, डोलणे मोजून परीक्षा झाली का? आणि दोरखंडाची तपासणी कोण, किती महिन्यांनी करणार?

हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. गुजरातमधील मोरबी येथे मच्छू नदीवरचा, १९व्या शतकातला झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी खुला झाला आणि ३० ऑक्टोबरला, दिवाळीच्या सुट्टीत, कोसळला. १३५ माणसे गेली, त्यांत पुष्कळ मुले होती. तपास पथकाला आढळले की सात तारांच्या सात पेडांचा, म्हणजे ४९ तारांचा तो दोरखंड होता, आणि त्यांपैकी २२ तारा बहुधा आधीच गंजून तुटलेल्या होत्या. म्हणजे ४९ तारांचा भार २७ तारा वाहत होत्या. प्रत्येकीवर जवळजवळ १.८ पट ताण! एका वेळी किती माणसांनी पुलावर जावे, यावरही काही बंधन नव्हते.

गर्दीचा भार म्हणजे किती, हे वर्गातच पाहता येते. व्हरांड्यात खडूने १ मीटर लांब, १ मीटर रुंद चौकोन आखा आणि त्यात मावतील तितके विद्यार्थी उभे करा. प्रत्येकाचे वजन ४५ किलो धरा. भारतीय रोड काँग्रेसचे मानक पुलांवरील पादचारी मार्गासाठी दर चौरस मीटरला ४०० किलो, आणि यात्रेसारखी गर्दी जिथे अपेक्षित आहे तिथे ५०० किलो भार धरायला सांगते. तुमच्या चौकोनात ११ जण उभे राहिले की ती मर्यादा आलीच.

वाघाचा प्रश्न मात्र या सूत्रांत बसत नाही. गर्दीचा आवाज दरीत किती दूर जातो हे यंत्राने मोजता येईल. पण तेवढा आवाज जंगलाने सोसावा की नाही, हे ठरवणे पदार्थविज्ञानाचे काम नव्हे. वाद करणाऱ्यांनी दोन प्रश्नांची गल्लत केली नाही तर दोन्ही अधिक नीट सुटतील, असे मला वाटते.

झोळाचे सूत्र खरे की खोटे, हे घरीच तपासा. विहिरीचा जाड दोर घ्या. संत्राबागेत दोन झाडांमध्ये, ४ मीटर अंतरावर तो असा बांधा की मध्यभागी झोळ २५ सेंटिमीटर पडेल. (दोन्ही टोकांमध्ये ताणून सुतळी धरली की झोळ मोजता येतो.) फळांनी झाडे लदलेली असतील तर हा प्रयोग विजेच्या खांबांवर नव्हे, शाळेच्या व्हरांड्याच्या खांबांवर करा. दोराला मध्यभागी आडवा हलका धक्का देऊन १० झोक्यांचा वेळ घ्या, सुमारे ९ सेकंद यायला हवा. नंतर तोच दोर ८ मीटर अंतरावर, झोळ तितकाच ठेवून बांधा आणि पुन्हा मोजा. शेवटी झोळ १ मीटर करा. वेळ दुप्पट आला का, ते पाहा.