फोन घराचा, सिम कुणाचं?

आमच्या घरातला पहिला मोबाइल अजून चालतो. 2004 साली घेतलेला नोकिया 1100. बटणांवरचे आकडे पुसलेत, मागचं झाकण रबरबँडनं धरून ठेवलंय, पण चालू केला की पडद्यावर ते दोन हात एकमेकांत येतातच. त्यामुळे साधा फोन घेऊन फसलो असं मी म्हणणार नाही. फसलो ते त्यातल्या नखाएवढ्या कार्डापायी.

गाव माण तालुक्यातलं. मी नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो. 1 मे 2003 पासून येणाऱ्या कॉलचे पैसे लागेनासे झाले होते, म्हणून हिशेब सोपा होता: फोन मी करणार, घरच्यांनी नुसता उचलायचा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना फोनपेक्षा त्याच्या डोक्यावरची बॅटरी आवडली. भारनियमनाचे दिवस, शेतीची लाइट रात्री-अपरात्री यायची, मोटार चालू करायला जाताना मोबाइल त्यांच्या हातात. मग मी फोन केला की तो विहिरीवर वाजायचा आणि आई घरात वाट बघत बसायची. शेवटी वहिनीनं तो पुढच्या खिडकीत ठेवायचा नियम केला. रेंजही तिथंच यायची. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो, दोन म्हणजे तू कर. या दोन रिंगांवर आमच्या घराची कितीतरी वर्षं फुकटात निघाली.

कार्ड घेताना माझ्याकडे पुण्यातल्या पत्त्याचा पुरावा नव्हता. खोलीतल्या मित्रानं स्वतःचे कागद दिले. नाव कुणाचं का असेना, वाजल्याशी मतलब. पुढं तो नंबर गॅसला दिला, डेअरीत दिला, पुतण्यांच्या शाळेत दिला, सोयरिकीच्या कागदांवर लिहिला. बँकेनं मागितला तेव्हा आईच्या खात्यालाही तोच लावला. मित्र दरम्यान परदेशी गेला. दादा 2016 मध्ये गेले.

आई स्वतःहून कधी कुणाला फोन लावत नसे. कार्ड ‘लाइफटाइम’ होतं, म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणे आईच्या आयुष्यभराचं. 2018 च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली. नाही केलं तर आधी जाणारे आणि मग येणारेही कॉल बंद. तसे मेसेज आले असणार. इंग्रजी मेसेज आमच्या घरी कोण वाचतो? फोन वाजेनासा झाला तेव्हा आम्हाला वाटलं, म्हातारा झाला बिचारा. थोरल्या भावानं आठवडी बाजारातून नवी बॅटरी आणली. मी तोवर वहिनीच्या फोनवर बोलत होतो, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. अडलं असतं तर बरं झालं असतं.

कित्येक महिन्यांनी सहज म्हणून मी जुना नंबर लावला. पलीकडून एका तरुण मुलाचा आवाज आला. परभणीकडचा. नंबर त्याला रीतसर मिळाला होता. म्हणाला, “काका, बँकेचे मेसेज येतात तुमच्याकडचे. कुणाला सांगावं कळंना.”

पोरगा भला निघाला म्हणून हे इतक्या निवांतपणे लिहितोय. दुकानात गेलो, तर पहिला प्रश्न: कार्ड कुणाच्या नावावर? दादांच्या नाही, आईच्या नाही, माझ्याही नाही. ज्या नंबरावर पंधरा वर्षं अख्खं घर बोललं, त्यावर आमचा कागदोपत्री काडीचा हक्क नव्हता. मग आईला घेऊन बँकेच्या शाखेत दोन खेपा, अर्ज, अंगठा, पुन्हा अर्ज. गॅसचं त्यामानानं लवकर झालं.

ज्यांच्या घरी आई-वडिलांकडे बटणांचा फोन आहे, त्यांनी आज एवढं बघावं: सिम कुणाच्या नावावर आहे? खातं ज्याचं, सिम त्याचंच हवं. मुलाचं, जावयाचं, दुकानदाराचं नको. सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर नंबर टाकला की तुमच्या नावावर किती जोडण्या आहेत ते दिसतं. घरातलं माणूस गेलं, तर वारसाच्या कागदांबरोबर त्याच्या नंबराचंही बघा. तो बंद पडण्याआधी खात्यांवरून काढा, कारण बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच्या हाती जातो.

रिचार्जची तारीख म्हाताऱ्या माणसावर सोडू नका. दूरसंचार नियामकानं डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि मेसेजचे पॅक द्यायला लावलेत, मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही. तो रोजचा दीड जीबी असलेला पॅक मारतो आणि बटणांच्या फोनमध्ये ते नेट वाहून जातं. आणि स्वस्त पडतं म्हणून नंबर दुसऱ्या कंपनीत नेणार असाल, तर ती फक्त 4जी-5जी चालवते का, हे आधी विचारा. तिथं नोकिया 1100 म्हणजे नुसती बॅटरी.

ओटीपीचं मात्र मला अजून नीट जमलेलं नाही. आईला बारीक अक्षर दिसत नाही, मग ती फोन समोरच्याच्या हातात देते, “वाच रं बाबा.” घरच्यांशिवाय कुणाला द्यायचा नाही, असं मी दर खेपेला सांगतो. ती हो म्हणते. पण गावात घरचं नाही असं तिच्या लेखी कुणी नसतंच.

नवं कार्ड आईच्या नावावर आहे, नंबर कॅलेंडरमागे मोठ्या आकड्यांत लिहिलाय. तरी दादांच्या श्राद्धाला आटपाडीच्या मावशीनं सवयीनं जुनाच नंबर लावला. परभणीच्या पोरानं तिला आमचा नवा नंबर सांगितला आणि वर विचारलं, आजी बऱ्या आहेत का.