वेरुम सळिदान

‘वेरुम सळिदान, मॅडम.’ नुसती सर्दी आहे. नोव्हेंबरात हे वाक्य मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तीनदा ऐकलं, मान वर न करता चिठ्ठी खरडणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून. तिन्ही वेळा अँटिबायोटिक. व्हायरल आहे तर जिवाणूंचं औषध कशाला, विचारलं तर म्हणे ‘नेटवर वाचत बसू नका.’

मी वाचत नव्हते, दिवस मोजत होते. वरच्या मजल्यावरचा मुलगा आणि माझा एकाच व्हॅनने शाळेत जातात, एकाच दिवशी शिंकायला लागले. तो चौथ्या दिवशी क्रिकेट खेळत होता. माझा अठराव्या दिवशीही खोकत होता. वर शेजारीणबाईंचं ऐकून घ्यायचं, ‘तुम्ही फार जपता, म्हणून त्याला प्रतिकारशक्तीच नाही.’

त्या रात्री चेन्नईतल्या वेळचेरीत धो धो पाऊस. दोन वाजता त्याचा शर्ट वर केला, तर दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती. ‘आई, पाणी’ एवढं म्हणायला त्याला दोन श्वास लागले.

इस्पितळातल्या छातीच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, ‘एरवी सकाळी उठल्यावर शिंकतो? नाक चोळतो?’ अहो, पाच वर्षं! पण तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

हा अ‍ॅलर्जीचा दमा. त्यांनी समजावलं ते असं. धुळीतल्या माइट्सविरुद्ध तयार झालेली आयजीई प्रतिपिंडं, विषाणू दिसताच इंटरफेरॉन सोडणाऱ्या पेशींवरही चिकटून बसतात. अ‍ॅलर्जी भडकलेली असली की त्या पेशी इंटरफेरॉन कमी सोडतात. विषाणूला मोकळं रान, आणि त्याने दुखावलेलं श्वासनलिकेचं अस्तर उलट अ‍ॅलर्जीचीच सूज वाढवतं. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस दमेकऱ्याला आडवा करतो तो असा. आयजीईला अडवणारं ओमालिझुमॅब अमेरिकेत दमेकरी मुलांना देऊन पाहिलं, तेव्हा शरद ऋतूत वाढणारे त्यांचे झटके घटले. 2011 सालचा अभ्यास आहे. म्हणजे शेजारीणबाई, जपल्यामुळे नव्हे.

तर रोजचा इन्हेलर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. ‘सवय लागेल’ असं माझी नणंद अजून फोनवर सांगते. मी विषय बदलते. इन्हेलरला स्पेसरची नळी लावा, नंतर मुलाला चूळ भरायला लावा. नाकाचा स्प्रे मधल्या पडद्यावर नको, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या रोखाने. इथल्या दमट हवेत गादी म्हणजे माइट्सचं माहेर. चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा. चेन्नईत फ्लू ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात चढतो, तेव्हा लस त्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. भोगीच्या पहाटे लोक जुनंपानं जाळतात, खिडक्या लावून घ्या. नीट जेवण, पुरेशी झोप वगैरे आहेच. बरगड्या ओढल्या जात असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

त्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या मी फायलीत लावून ठेवल्यात. तिन्ही.