जोडरेषेला वळण लावूया : संगणक खोलीच्या नेटवर्कचा नकाशा

शाळेतल्या संगणक खोलीचं नेटवर्क कागदावर मांडणं हा सोपा वाटणारा पाठ. राउटर, स्विच, संगणक, प्रिंटर यांचे चौकोन मुलं झटपट काढतात. गोंधळ होतो तो रेषांचा. त्या चौकोनांवरून जातात, एकमेकींवर चढतात आणि कोणती वायर कुठून कुठं गेली तेच कळत नाही. पुढे ऐन पावसाळ्यात एखाद्या संगणकाचं कनेक्शन जातं, तोवर नकाशा काढणाऱ्या शिक्षकांची बदली झालेली असते. नवीन शिक्षकांना तोच कागद बघून वायर शोधायची असते. म्हणून रेषेची वाट स्वच्छ हवी.

आपल्या सुरगाण्याच्या मुलांना हे रस्त्यावरून चटकन समजतं. नाशिकला जायचं तर बोरगाव, वणी, दिंडोरी असं जावं लागतं. दोन टोकं ठरलेली असली तरी घाटात रस्ता डोंगर टाळत वळतो. जोडरेषेचंही तसंच आहे. टोक कुठं चिकटलं ही एक गोष्ट, वाट कुठून गेली ही दुसरी. दोन्ही आपणच ठरवायच्या.

यासाठी लिबरऑफिस ड्रॉ वापरू. ते मोफत आहे आणि इंटरनेट नसतानाही चालतं.

कृती :

1. आधी सगळे चौकोन जागेवर ठेवा. वर राउटर, खाली स्विच, त्याखाली संगणक. चौकोन नंतर हलवले तर लावलेली वळणं बिघडतात.

2. साधी रेषा न घेता 'कनेक्टर' घ्या. चौकोन हलवला की साधी रेषा मागेच राहते, कनेक्टर सोबत येतो.

3. टोक चौकोनाच्या काठावरच्या ठिपक्यावर सोडा, म्हणजे ते तिथंच राहतं. चौकोनाच्या मधोमध सोडलं, तर कोणत्या बाजूला जोडायचं हे ड्रॉ स्वतः ठरवतं.

4. प्रकार 'स्टँडर्ड' निवडा. ही रेषा काटकोनात वळते. 'स्ट्रेट' थेट जाते, 'कर्व्हड' वक्र जाते. गर्दीच्या नकाशात त्यांचा माग काढणं अवघड.

5. रेषेवर क्लिक करा. मध्ये दिसणारा ठिपका ओढला की वाट सरकते. मापात सरकवायची असेल तर राइट क्लिक करून 'कनेक्टर'मध्ये जा आणि 'लाइन स्क्यू'मध्ये अंतर लिहा. तिथं 0 लिहिलं की रेषा मूळ वाटेवर येते.

6. स्विचच्या चौकोनाला चारच ठिपके असतात, संगणक मात्र जास्त. 'ग्लू पॉइंट' जोडून प्रत्येक पोर्टसाठी वेगळा ठिपका द्या, म्हणजे रेषांचा झुपका होणार नाही.

एखादी रेषा दुसरीला ओलांडणारच असेल, तर काटकोनात ओलांडू द्या आणि तिला वेगळा रंग द्या. तिथं ठिपका मात्र काढू नका. विज्ञानातल्या विद्युत परिपथाच्या आकृतीत ठिपका म्हणजे जोड, हे मुलांना माहीत असतं.

आता तपासणी. नकाशा छापून दुसऱ्या वर्गातल्या मुलाला द्या आणि विचारा, "पाचव्या संगणकाची वायर स्विचच्या कितव्या पोर्टात?" त्यानं न अडखळता बोट फिरवलं तर नकाशा जमला.

पालकांनो, घरी संगणक नसला तरी हा सराव होतो. मुलांना वहीत घरातल्या विजेच्या बोर्डापासून प्रत्येक दिव्यापर्यंतची वायर काटकोनी रेषांनी काढायला सांगा. अट एकच : कोणतीही रेषा चौकोनावरून जायची नाही.