आधी निकष, मग नावं

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

सरपंचपदी तुझी निवड झाली, फार आनंद झाला. पण नुसता आशीर्वाद देऊन माझं भागणार नाही. ग्रामसेवकाच्या नोकरीत मी बरेच सरपंच पाहिले. पैशाच्या लोभानं वाकडं पाऊल टाकणारे थोडे होते, भिडेपोटी टाकणारे फार.

म्हणून एकच गोष्ट सांगतो. कोणत्याही कामात निकष आधी ठरव, नावं मागाहून येऊ देत. घरकुल असो, रस्ता असो की नळाची लाइन, नाव आधी कानावर पडलं की त्यामागे नातं येतं, निवडणुकीत कोण कुणाकडे होतं ते आठवतं, आणि मग नावाच्या मापानं निकष शिवला जातो.

हिवरे बाजार गावात सरपंच म्हणून पोपटराव पवारांनी काय केलं ते बघ. पावसाळा सरला की पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि पिकं त्यावरून ठरवतात. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, हा नियम सगळ्या गावाला सारखाच. नियम असा आधी आणि सर्वांदेखत ठरला, की 'नाही' म्हणणारा सरपंच कुणाचा वैरी होत नाही.

कायद्यात बसतं ते सगळं योग्यच असतं, असं मात्र धरू नकोस. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. पण तहकूब सभेला ती लागत नाही. ही पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे. वादाचा विषय मूठभर माणसांत मंजूर करून घेण्याचा सल्ला तुलाही मिळेल. तो ऐकू नकोस. दवंडी दे, वस्तीवस्तीत निरोप पाठव, माणसं जमव. महिलांची ग्रामसभा कागदावर उरकू देऊ नकोस.

बहुमत झालं म्हणजे न्याय झाला, असंही नाही. ज्या वस्तीत मतं कमी, तिथं पाणी शेवटी पोचतं. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ते उपकार नव्हेत, त्यांचा हक्क आहे. सभेत त्यांच्या बाजूनं कुणी बोललं नाही, तर तू बोल.

आता घरातलं. तुझे दीर ठेकेदारी करतात. पंचायतीच्या कामात सदस्याचा आडूनही हितसंबंध असला, तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पद जाऊ शकतं. पद राहिलं तरी गावाचा विश्वास जाईल. पंचायतीचं एकही काम ते घेणार नाहीत, हे आत्ताच, प्रेमानं पण स्पष्ट सांग. तुझी डीएससी, म्हणजे डिजिटल सही, जावईबापूंकडे नको, पंचायतीच्या संगणक ऑपरेटरकडेही नको. मोजमाप पुस्तिका पाहिल्याशिवाय बिलाला मंजुरी देऊ नकोस. सही तुझी, म्हणजे जबाबदारीही तुझीच.

काही माणसं दुरावतील, त्याचं वाईट वाटेल. तरी ज्याचं नाव लाभार्थ्यांच्या यादीत आलं नाही, त्याला स्वतः भेटून कारण सांग. ते कारण भर ग्रामसभेत मोठ्यानं सांगता येत असेल, तर निर्णय बरोबर आहे. सांगता येत नसेल, तर सही करू नकोस.

तुझा,
मामा