अंडी बसवण्याआधी नरांचं ठरवा

आमचं अंडी उबवायचं मशीन मागायला हल्ली बरेच जण येतात. कोणाला मुलांना दाखवायचं असतं, कोणाला परसात चार गावरान कोंबड्या हव्या असतात. तापमान किती ठेवायचं, पाणी कुठं घालायचं, हे विचारायचीच त्यांची तयारी असते. मी आधी विचारते, निम्मी पिल्लं नर निघतील, त्यांचं काय करणार? बहुतेक जण गप्प होतात. २१ दिवसांत पिल्लू बाहेर येतं, आणि त्यापुढचे सहा महिने घरानं निभवायचे असतात. घरातल्या सगळ्यांनी बसून ते आधी ठरवलेलं नसेल तर अंडी बसवू नयेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

आमची वस्ती सांगोल्याजवळची. डाळिंबाची बाग, दोन म्हशी आणि सासूबाईंच्या कोंबड्या. कोंबडी खुडूक झाली की सासूबाई पाटीत भुसा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायच्या आणि वीज कडाडली तर बाधू नये म्हणून अंड्यांत लोखंडाचा तुकडा ठेवायच्या. त्या लोखंडाला मी कधी हरकत घेतली नाही. त्यांचं बाकीचं सगळं ज्ञान पारखलेलं होतं. रवणावरची कोंबडी दिवसातून एकदाच उठते, खाते, पाणी पिते आणि परत बसते. त्या वेळी तिला कुत्र्याचा किंवा पोरांचा धक्का लागू द्यायचा नाही, एवढं एक काम त्या कडक पाळायच्या. अंडी फिरवणं, ऊब धरणं, पिल्लांना पंखाखाली घेणं हे सगळं कोंबडी करते. तुमच्याकडे खुडूक कोंबडी असेल तर मशीन आणूच नका. पिल्लं जास्त जगतात आणि घराची झोप मोडत नाही.

मशीन आणलंच, तर आधी आपली हवा ओळखा. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश सेल्सिअस लागतं, हे सगळीकडे सारखंच. ओलावा मात्र गावागणिक बदलतो. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ओलावा हवा. आमच्याकडे माणदेशी वारं सुटलं की मशीनमधलं पाणी बघता बघता आटतं आणि आतलं पिल्लू सालीला चिकटून बसतं. माझी जाऊ चिपळूणला असते. तिनं पावसाळ्यात आमच्यासारखंच पाणी भरलं, तर पूर्ण वाढलेली पिल्लं ओल्या टरफलातच गेली. तिथं सुरुवातीला पाणी घालायची गरजच नव्हती. म्हणून वेगळा ओलावामापक घ्या आणि अंड्यावर पेन्सिलीनं खूण करा. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी असते, ती हळूहळू मोठी होत अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचा साधारण तिसरा हिस्सा व्यापते. ती लहान राहिली तर ओलावा जास्त झालाय, फार वाढली तर कमी पडलाय.

दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, हे मुलांना आधीच सांगा. त्या फार्मवर कोंबडाच नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा असलेल्या घरची अंडी घ्यावीत, ती आठवड्याच्या आतली असावीत, फ्रीजमध्ये ठेवलेली किंवा धुतलेली नसावीत. टरफलावर एक पातळ थर असतो. धुतल्यावर तो जातो आणि जंतू आत शिरतात. एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात तर पाटीत पडून असलेल्या अंड्यात जीव अर्धवट धरतो आणि सुकून जातो. त्या दिवसांत अंडी बसवू नयेत. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या उजेडावर अंडं धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं. माझ्या लेकीनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कितीतरी वेळ बोललीच नाही. ज्यात काहीच दिसत नाही ते रिकामं अंडं काढून टाकावं, नाहीतर ते सडून मशीनमध्येच फुटतं.

वीज गेली तर घाबरून झाकण उघडू नका. हवेची भोकं मोकळी ठेवून मशीनवर गोधडी टाका. थोडा वेळ गारवा अंडी सोसतात, पण उष्णता चाळीस अंशांवर गेली की पिल्लू आतल्या आत दगावतं.

तारखेचं मात्र मला अगदी आग्रहानं सांगायचं आहे. पंढरपूर आम्हाला जवळ. आषाढीला आमच्याकडे नात्यातले, गावचे वारकरी उतरतात. एका वर्षी अंड्यांचे शेवटचे दिवस नेमके एकादशीला आले. घरात भगर, शेंगदाण्याची आमटी, अंघोळीचं पाणी, अंथरुणं आणि मधल्या खोलीत चिवचिवणारं मशीन. टरफलाच्या आतून आवाज येतोय म्हटल्यावर कोण थांबेल? आलेला प्रत्येक जण कौतुकानं झाकण उचलून बघायचा, लहान पोरांना कडेवर घेऊन दाखवायचा. उघडल्यासरशी आतला ओलावा निघून जायचा. टरफलाला भोक पाडून श्वास घेणाऱ्या पिल्लांभोवतीची साल वाळून कातड्यासारखी घट्ट झाली. बरीच पिल्लं तशीच गेली. एका मावशींनी मायेपोटी एकाचं टरफल सोलून काढलं. त्याच्या बेंबीशी बलक अजून बाहेर होता, शिरांतून रक्त येत होतं. ते संध्याकाळपर्यंतही राहिलं नाही, आणि मावशी एकादशीच्या दिवशी डोळ्यांना पदर लावून बसल्या. त्यांचा दोष नव्हता, त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून कॅलेंडर पुढ्यात घेऊन अंडी बसवा. अठराव्या ते बाविसाव्या दिवसात लग्न, जत्रा, परीक्षा, बारसं काही नको, आणि घरात एक जाणतं माणूस हवं. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवायचं, पाणी वाढवायचं आणि झाकण बंद. पहिलं भोक पडल्यापासून पूर्ण बाहेर यायला पिल्लाला चोवीस तासही लागतात. त्या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि टरफलाच्या शिरांतलं रक्त अंगात घेत असतं. वरून पाहणाऱ्याला ते थकून पडल्यासारखं वाटतं, पण त्याचं काम चालू असतं. बाहेर आल्यावरही अंग कोरडं होईपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं.

पुढची ऊब देताना एलईडीचा बल्ब लावू नका, त्याचा नुसता उजेड पडतो. जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब किंवा उष्णतेचा खास दिवा शोधा. पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं दिव्याखाली गर्दी करून ओरडत असतील तर गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडून बसली असतील तर उकडतंय. खाली वर्तमानपत्र नको, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. गोणपाट किंवा भाताचं तूस घाला. पाण्याचं भांडं उथळ ठेवा आणि त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लू बुडतं. पाच ते सात दिवसांची झाली की लासोटाची लस द्या. ती राणीखेतसाठी, म्हणजे आपल्या मानमोडीसाठी असते. लसीची बाटली शंभराहून जास्त पिल्लांना पुरेल एवढी येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा शेजारच्या चार घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं तर सांगतात. मुलांनी पिल्लांचे मुके घेऊ नयेत, हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या पिल्लातूनही माणसाला जुलाब-ताप होऊ शकतो. आणि पक्षी एकाएकी मरायला लागले तर पुरून गप्प बसू नका. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला होता. दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.

आता नरांचं. सहा-आठ आठवड्यांत तुरे लाल व्हायला लागतात आणि कोण कोण आहे ते कळतं. तोवर मुलांनी नावं ठेवलेली असतात. पुढे कोंबडे एकमेकांना रक्तबंबाळ करतात, कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटतात, पहाटे आधी एक आरवतो आणि मग सगळे. इतके कोंबडे कोणत्याच खुराड्यात नांदत नाहीत. आमचे सासरे, आबा, माळकरी. घरात अंडंसुद्धा त्यांच्या ताटाशेजारी येत नाही. कोंबडे बाजारात न्यायचे ठरले तेव्हा ते म्हणाले, "आपणच जलमाला घालायचं अन् मारायला दुसऱ्याच्या हातात द्यायचं? कोंबडी बसती ते तिच्या मनानं. हितं तर मशीन आपण लावलंय." यावर आमच्या ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. लेक दाराआड उभी राहून ऐकत होती.

आम्ही तिला खोटं सांगितलं नाही. कोंबडे "दुसऱ्या शेतावर राहायला गेले" असं मुलांना सांगणारी घरं मी पाहिली आहेत. मुलांना चार महिन्यांत खरं कळतं आणि मग ती पुढचं काहीच खरं मानत नाहीत. तिला सांगितलं, यातले बरेच आखाडात कोणाच्या तरी घरी शिजतील, एक आपल्याकडे कोंबड्यांबरोबर राहील, तो तू निवड. ती रडली. मग तिनं सगळ्यांत शांत होता तो निवडला. आबांनी एकच अट घातली, पुन्हा मशीन लावायचं तर आधी घेणारं घर ठरवायचं.

ती अट मला पटली, आणि तिच्यावरूनच अंड्यांचा आकडा काढता येतो. चाळीस अंड्यांचं मशीन आहे म्हणून चाळीस अंडी बसवायची नसतात. पाच कोंबड्या हव्या असतील तर दहा पिल्लं धरा. चांगल्या अंड्यांतून शंभरात सत्तर-पंचाहत्तर निघतात, म्हणजे चौदा-पंधरा अंडी पुरतात. मग पाच नर उरतात. त्यांतले किती कोणाकडे जाणार, ते खाणार की पैदाशीला ठेवणार, हे नावानिशी लिहून काढा. आम्ही यंदा दिवाळीनंतर बसवणार आहोत. तीन नर पलीकडच्या वस्तीवर द्यायचे ठरलेत, एक चिपळूणला जाईल. पाचव्याचं अजून ठरलेलं नाही, म्हणून लेकीनं पेटीतली तीन अंडी परत स्वयंपाकघरात आणून ठेवली आहेत.